कात्रणाची मागची बाजू

कागदाला दोन बाजू असतात ही गोष्ट मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळली, आणि तीही बीडच्या तहसील कचेरीत. तोवर माझा ठाम समज होता की कागदाला एकच बाजू असते, जी वर दिसते ती. दुसरी डिंक लावण्यासाठी असते.

ज्यांना चिकटवहीचा नाद नाही त्यांना हे पटायचं नाही. माझ्याकडे अकरा चिकटवह्या आहेत. काडेपेट्यांचे छाप, उदबत्तीच्या पुड्यांवरचे देव, विड्यांच्या बंडलांवरचे मिशीवाले मालक, एस.टी.ची तिकिटं, आणि लग्नपत्रिकांवरचे दोनशे चौदा गणपती. त्यातल्या एका गणपतीला दोन्ही हात डावेच आहेत. ते लग्न पुढे टिकलं नाही, पण मी त्याबद्दल गावात काही बोललो नाही. गावात लोक पत्ते खेळतात, राजकारण करतात, काही जण दोन्ही करतात. मी कापतो आणि चिकटवतो. आमची विमल म्हणते, "कुनी इचारलं नवरा काय करतो, तर काय सांगू? कापतो आन् चिकटवतो? लोकांला वाटंल शिंपी हाय. शिंपी असता तर चार ब्लाऊज तरी झाले असते."

मी शिंपी नाही. मी गावच्या हायस्कुलात मराठी शिकवतो आणि सार्वजनिक वाचनालयाचा मानद सचिव आहे. 'मानद' याचा अर्थ खुर्ची स्वतःच्या घरून आणायची. आमच्या गावाचं नाव झरेवाडी. लिंबागणेशच्या पुढे फाट्यावर उतरायचं आणि चालत यायचं. हे नाव ज्या पूर्वजाने ठेवलं त्याला एकदा गाठून विचारायचं आहे की बाबा, तू नेमकं काय पाहिलं होतंस?

त्या वर्षी तर गावात डोळ्यांत सोडून कुठे पाणी नव्हतं. दर आठ दिवसांनी टँकर यायचा. टँकर आला की गावातली माणुसकी हंड्यांच्या रांगेत आडवी पडायची. आणि गंमत अशी की गावाच्या उशाला, ओढ्याच्या काठी, सत्तर फूट खोल विहीर पाण्याने भरलेली होती. दगड टाकला तर डुबुक् असा आवाज यायचा. तो आवाज ऐकायला लोक मुद्दाम जायचे. पण वर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि कुलपाला लाखेचं सील. ती विहीर सहकारी उपसा जलसिंचन संस्थेची होती, आणि संस्था पंधरा वर्षांपासून अवसायनात होती. अवसायनात म्हणजे संस्था धड मेलेली नाही आणि धड जिवंत नाही. मेली असती तर वारस आले असते, जिवंत असती तर चेअरमन आला असता. चेअरमन तसे आमच्या गावातच होते. अर्जुनराव. संस्था गेली, मोटारी गेल्या, पाइप कुणी तरी उकरून नेले, पण अर्जुनरावांचं चेअरमनपद गेलं नाही. पोस्टमनसुद्धा त्यांना चेअरमनसाहेबच म्हणतो.

अर्जुनराव महिनाभर तहसिलीत खेटे घालत होते. एका शुक्रवारी ते परत आले ते थेट वाचनालयाच्या ओट्यावर. मागे निम्मं गाव.

"सर," ते मला म्हणाले, "इज्जत आता तुमच्या हातात हाय. खाजगी हीर सरकारला ताब्यात घेता येती, पंचायतीची बी येती. अवसायनातल्या संस्थेच्या हिरीला त्यांच्या कागदात खानाच न्हाई. पर तिथल्या कारकून भाऊसाहेबानं जुनी फाईल काढली. त्यात ल्हेलंय की हिरीचे मूळ मालक सुंदरराव, त्यांनी हीर संस्थेला देताना अट घातलती. ती अट काय, ते फाईलीत न्हाई. फाईलीत येवढंच हाय की, 'दिनांक चौदा मार्च एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या दैनिक डोंगरवारातील जाहीर सूचनेत नमूद केल्याप्रमाणे'. ती सूचना सोमवारी टंचाईच्या बैठकीत ठेवली तर हीर गावाची. न्हाई तर पुढची बैठक म्हैन्यानं."

"आन् म्हैन्यानं आपुन कुठं असू?" आप्पांनी विचारलं. आप्पा माझे शेजारी. वय ऐंशीच्या पुढे. छापलेलं काहीही समोर आलं की मोठ्याने वाचायचं, ही त्यांची सवय. सलाईनच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा ते वाचतात, स्वतःला लावलेली असताना.

दैनिक डोंगरवारा बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. मालकाच्या मुलाने त्या जागी मोबाईलचं दुकान टाकलं होतं आणि जुने अंक वाळवीने वाचून संपवले होते. पण आमच्या वाचनालयात त्या सालची पुठ्ठाबांधणीची फाईल होती, हे मी अभिमानाने जाहीर केलं. गावाचं पाणी वाचनालयात सापडावं! मी घसा साफ केला, ग्रंथसंस्कृतीवर दोन वाक्यं बोललो. तिसरं बोलणार तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या वच्छलाबाई म्हणाल्या, "सर, आधी पान काढा."

वाचनालयाचे शिपाई रामकिसन यांनी फाईल आणली. मी धूळ झटकली. मार्च. बारा, तेरा, चौदा. पान तिसरं.

पानाच्या मधोमध एक चौकोनी भोक होतं. भोकातून खालच्या पंधरा तारखेच्या अंकातला एका खताच्या जाहिरातीतला शेतकरी आमच्याकडे बघून हसत होता.

 सगळे एकदमच बोलले. जे बोलले ते मी मराठीचा शिक्षक असल्यामुळे इथे लिहू शकत नाही. सगळ्यांत सौम्य वाक्य वच्छलाबाईंचं होतं: "ज्यानं कापलं त्याच्या घशाला मरताना थेंब मिळू नये." आणि हे सगळं चाललं होतं एका पाटीखाली. ती पाटी मी सचिव झाल्यावर स्वतः रंगवून लावली होती: 'वर्तमानपत्र कापणारास गावाचा शत्रू समजण्यात येईल.'

मी त्या भोकाकडे पाहत होतो. चारी कोपरे सुबक गोल केलेले. टोकदार कोपरा आधी सुटतो, म्हणून जाणकार माणूस कोपरा गोल करतो. झरेवाडीत जाणकार माणूस एकच आहे.



सत्त्याऐंशी साली मी एकोणीस वर्षांचा होतो, बीडला कॉलेजात. 'बी. एन. झरेकर' या टोपणनावाने मी दैनिक डोंगरवाराला वाचकांचं पत्र लिहिलं होतं आणि ते छापून आलं होतं. छापून आलेलं माझं ते पहिलं लेखन. नंतर कळलं की शेवटचंही. गावात अंक एकच यायचा, वाचनालयाचा. मग मी काय करायला हवं होतं? (या प्रश्नाचं उत्तर 'दुसरा अंक विकत घ्यायला हवा होता' असं आहे, ते मला माहीत आहे.)

"सर घामाघूम झाले," रामकिसन म्हणाले.

"होनारच," अर्जुनराव म्हणाले. "वाचनालय म्हंजी त्यांचा जीव. सर, ह्याचा छडा तुमीच लावायचा. समिती करा. तुमी अध्यक्ष. आप्पा आन् रामकिसन मेंबर."

सहकारात वाढलेल्या माणसाला कुठल्याही संकटावर समितीशिवाय दुसरं औषध सुचत नाही. समितीची पहिली बैठक तिथेच झाली. आप्पांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हात लई साफ हाय चोराचा," ते म्हणाले. "कोपरे बघा. ह्यो येड्यागबाळ्याचा हात न्हाई."

मी इतिवृत्तात लिहिलं, 'चोराचा हात साफ असल्याचे निदर्शनास आले.' खरं सांगतो, इतक्या काळजीतही मला ते वाक्य लिहिताना थोडं बरं वाटलं. माझ्या कारागिरीची गावाने घेतलेली ती पहिली दखल होती.

घरी आलो, दार लावलं, चार नंबरची चिकटवही काढली. पत्र होतं. एका पानावर एकटंच, कारण त्याच्या शेजारी लावण्याच्या योग्यतेचं काही मला तेव्हा सापडलं नव्हतं. मजकूर असा:

'महाशय, आपल्या दैनिकात रोज जाहीर सूचनांना पाव पान खर्ची पडते. या सूचना कोणीही वाचत नाही. त्यांनी कोणाचे भले झाल्याचे ऐकिवात नाही. ती जागा कृपया विनोदी साहित्यास द्यावी. — बी. एन. झरेकर.'

त्या पत्राच्या पाठीला, माझ्या डिंकात, गावाची विहीर तोंड खाली घालून सव्वीस वर्षं पडली होती.

माझी योजना साधी होती. कात्रण हळूच सोडवायचं, वाचनालयातल्या एखाद्या जाड ग्रंथात ठेवायचं, आणि रविवारी समितीसमोर तो ग्रंथ सहज उघडायचा. 'अरेच्चा!' असं म्हणायचं. 'अरेच्चा' मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा मागे विमल उभी होती.

"काय झालं?"

मी सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली की खोटं बोलायला जागा उरत नाही. विमलने ते पत्र दोनदा वाचलं.

"तुमी व्हय त्यो," ती म्हणाली. "आन् मघापासून मी बी शिव्या घालायलेय. माझ्याच कुंकवाला."

"तांब्याभर पाणी दे. डिंक सुटला पाहिजे."

"तांब्याभर?" तिने पिंपाकडे पाहिलं. पिंपात मंगळवारच्या टँकरचं पाणी होतं, तळापासून चार बोटं. "चार बोटं हायती. कागद आंघुळ करणार आन् आपुन बघत बसायचं?"

शेवटी अर्धा तांब्या मंजूर झाला, तोही भांडी विसळलेल्या पाण्याचा. मी ओलं फडकं पानावर ठेवून वाट पाहिली. इथे माझ्या डिंकाबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. बाभळीचा डिंक नुसता वापरला तर पाण्याने सुटतो. म्हणून मी त्यात चिमूटभर चुना आणि कडुलिंबाचा पाला घालून आटवत असे. त्याने कसर लागत नाही आणि कात्रण हलत नाही. ही कृती माझी स्वतःची. त्या दुपारी मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण इतकं चांगलं काम करायला नको होतं. तासाभराने एक कोपरा सुटला, आणि त्याच्या मागच्या मजकुरातलं एक अक्षर माझ्या बोटाला चिकटून आलं. मी घाबरून थांबलो.

मग वाफ. विमलने तुरीची डाळ शिजायला ठेवली होती, तिच्यावर मी पान धरलं. पानाला वाफ लागली, मला चटका लागला, पत्रावर वरणाचा पिवळा डाग पडला. 'विनोदी साहित्यास' या शब्दांवर नेमका.

रविवार उजाडला तेव्हा हातात उरला होता एक दिवस. मी ओट्यावर वही घेऊन बसलो आणि तिच्याकडे पाहू लागलो. ही माझी चूक. झरेवाडीत ओट्यावर बसून एखादी गोष्ट पाहिली की ती सार्वजनिक होते.

"काय बघताव सर?" समोरून आप्पांनी विचारलं. आमचे ओटे समोरासमोर आहेत, मध्ये आठ हातांची गल्ली.

"काही नाही. ह्या कागदाखाली आमच्या लग्नाचा फोटो चिकटलाय. तो सोडवतोय."

हे मी का बोललो, मला माहीत नाही. विमलने आतून कपाळावर हात मारलेला मात्र मला ऐकू आला.

पाऊण तासात गल्लीला बातमी झाली. सरांच्या लग्नाचा फोटो अडकला! त्या दिवसांत गावाला सोडवता येण्याजोगं संकट दुसरं कुठलंच नव्हतं, त्यामुळे सगळे त्यावर तुटून पडले. एकाने रॉकेल सांगितलं. एकाने ओलं गोणपाट सांगितलं, पण ते ओलं कशाने करायचं ते सांगितलं नाही. आप्पा म्हणाले, फोटो राहू द्या, पुन्हा लग्न करा, जेवण होईल. आणि वच्छलाबाई पलीकडच्या अंगणातून उठून आल्या. त्या उडदाचे पापड लाटत होत्या. दुष्काळ असो की सुकाळ, उन्हाळ्यात पापड थांबत नाहीत. पापड पोळपाटाला चिकटू नये म्हणून हाताला तेल लावतात, हे मी सांगायला नको. मला ते त्या क्षणी आठवायला हवं होतं.

"बघू तर नवरी," म्हणत त्यांनी वहीतलं ते पान धरलं. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत पान वहीतून सुटून त्यांच्या हातात होतं. करडईचं तेल. दहाही बोटं. बोटांभोवती कागद काळपट झाला, मग पिवळा, मग काचेसारखा. तो डाग माझ्या डोळ्यांदेखत पत्रावरून सरकत निघाला.

त्यांनी पान उन्हात वर धरलं. सूर्य त्यांच्या पाठीमागे. "काईच दिसत न्हाई की. कुठाय नवरी?"

त्यांना दिसणार नव्हतंच. दिसत होतं ते समोर बसलेल्या आप्पांना. चिकटवहीचं पान मुळातच पातळ, त्याच्या पाठीला मी कधी काही लावलं नव्हतं, आणि आता तेलाने ते झिरझिरीत झालेलं. पाठीकडून पाहणाऱ्याला सव्वीस वर्षं उलटी झोपलेली अक्षरं सुलट दिसत होती. आणि छापलेलं काही समोर आलं की आप्पा मोठ्याने वाचतात, हे मी वर सांगितलंच आहे.

"'जाहीर... सूचना,'" आप्पा वाचू लागले. "'तमाम लोकांस... कळविण्यात येते की... मौजे झरेवाडी येथील...'"

"ही कसली लगीनपत्रिका?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"'...सुंदरराव यांनी आपले मालकीची...'" आप्पा थांबले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. गल्लीत इतकी शांतता झाली की विमलची डाळ शिजताना ऐकू येत होती.

"बिभीषणा," आप्पा म्हणाले, "ह्यो लग्नाचा फोटो न्हाई. ही हीर हाय."

माझं नाव बिभीषण. आमच्याकडे हे नाव ठेवतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. मलाही तोवर कधी काही वाटलं नव्हतं.

"म्हंजी गावाचा शत्रू तूच हायस की बे!"

मी मान खाली घातली. तेवढ्यात कुणी तरी पळत जाऊन अर्जुनरावांना घेऊन आलं. त्यांनी पान पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा पान पाहिलं.

"सर! तुमी समितीचे अध्यक्ष!"

"हो," मी म्हणालो. "छडा लागला. समितीचं काम पूर्ण झालं."

मला वाटलं आता लोक अंगावर येतील. मी चष्मा काढून खिशात ठेवला, एवढी तयारी मला जमते. पण अर्जुनराव मुरलेले चेअरमन. ते म्हणाले, "सरांला नंतर बघू. सर कुठं पळून जात न्हाईत. आधी तेल आना." वच्छलाबाईंनी पापडाच्या तेलाची वाटी आणली आणि माझ्या एकुलत्या एक प्रकाशित साहित्यावर, कडेपासून कडेपर्यंत, कापसाच्या बोळ्याने करडईचं तेल फिरवलं. आप्पा समोर बसून वाचत होते आणि प्रत्येक ओळीला 'लावा अजून' म्हणत होते. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली: 'टंचाईकाळी सदर विहिरीचे पाणी पिण्यासाठी गावास विनाअट खुले राहील.' 'खुले' मधला 'खु' तेवढा नव्हता. तो शुक्रवारी मी सोलला होता.

सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही पाच जण बीडला निघालो. अर्जुनराव, आप्पा, मांडीवर फाईल घेतलेले रामकिसन, मी, आणि स्टीलच्या ताटात ते पान घेतलेल्या वच्छलाबाई. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "तेल माझं हाय," एवढंच त्या म्हणाल्या. कंडक्टरने ताटात डोकावून विचारलं, "परसाद का?" गाडीभर कुणी माझ्याशी बोललं नाही. मी खिडकीतून कोरड्या नद्या मोजत होतो. दर पुलाला वाटायचं, बैठकीच्या आत पोचलो नाही तर? आणि पुढच्या पुलाला वाटायचं, पोचलो तर?

टंचाईच्या टेबलावर कल्याणराव नावाचे अव्वल कारकून होते. कपाळावर भस्माची तीन बोटं, आवाज थंड. बैठक बारा वाजता होती आणि घड्याळात अकरा झाले होते. त्यांनी ताटातल्या पानाकडे बघून विचारलं, "हे काय?"

"मूळ दस्तऐवज," अर्जुनराव म्हणाले.

कल्याणरावांनी पान दोन बोटांनी उचलून खिडकीशी धरलं, सूचना वाचली, मान हलवली. मग कागद उलटा केला आणि पुढची बाजूही वाचली. मोठ्याने. "'या सूचना कोणीही वाचत नाही. त्यांनी कोणाचे भले झाल्याचे ऐकिवात नाही.'" शेजारच्या टेबलावरचे दोन कारकून खुर्च्या फिरवून बसले. "झरेकर कोण?"

पाचांपैकी चौघांनी माझ्याकडे पाहिलं.

"विनोदी साहित्य," कल्याणराव म्हणाले. हसले नाहीत. "बरं. मजकूर बरोबर आहे. पण हा तेलकट कागद डोंगरवाराचाच, आणि चौदा तारखेचाच, हे कशावरून? ह्याच्यावर दैनिकाचं नाव नाही, तारीख नाही. कात्रण कुठलंही असू शकतं."

अर्जुनरावांचा चेहरा उतरला. आप्पा म्हणाले, "देवाची आन घेतो." कल्याणराव म्हणाले की आण लावायला त्यांच्या नमुन्यात रकाना नाही.

तेव्हा रामकिसननी मांडीवरची फाईल टेबलावर ठेवली आणि मार्चचं पान उघडलं. खताच्या जाहिरातीतला शेतकरी अजून हसत होता. कल्याणरावांनी भोकाकडे पाहिलं. मग त्यांनी ताटातलं कात्रण, वहीच्या पानासकट, फाईलच्या पानाखाली सरकवलं आणि भोकाशी जुळवलं.

चारी गोल कोपरे चारी गोल कोपऱ्यांत बसले. कुठे केसभर फट नाही. वरच्या कडेला कात्री मी किंचित तिरपी नेली होती, तीसुद्धा जुळली.

"बसलं," कल्याणराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडी ऊब होती. "हात चांगला आहे ज्याचा कुणाचा आहे त्याचा."

मी माझा हात खिशात घातला.

"आता असं करा," त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "वाचनालयाचे सचिव तुम्हीच ना? लिहून द्या, की हे कात्रण वाचनालयाच्या फाईलमधून अमुक व्यक्तीने कापलं, अमुक वहीत चिकटवलं, आणि आजपर्यंत तिच्याच ताब्यात होतं. म्हणजे दुवा पूर्ण होतो. सही, शिक्का. तीन प्रती."

"अमुक व्यक्तीचं नाव लिहावंच लागेल?"

"त्याशिवाय दुवा तुटतो."

घड्याळात अकरा पस्तीस. मी पेन उघडलं आणि हात थांबला. मी अनुदानित शाळेतला शिक्षक. सातवीला 'सार्वजनिक मालमत्तेची निगा' या विषयावर निबंध मीच लिहून घेतो. उद्या हा कागद कुणी शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला तर? मी विचारलं, 'कापले' ऐवजी 'विलग झाले' असं चालेल का? कल्याणराव म्हणाले, आपोआप विलग झालेल्या कागदाचे कोपरे गोल होत नाहीत.

वच्छलाबाई ताट पोटाशी धरून उभ्या होत्या. आदल्या दिवसापासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "करा की सही. चोराच्या हातचं पाणी आमी पिऊ. पर पाणी पायजे."

मी लिहिलं: 'मी, बिभीषण नामदेव, सचिव, सार्वजनिक वाचनालय, झरेवाडी, प्रमाणित करतो की सदर कात्रण याच वाचनालयातून मी स्वतः कापून नेले.' तीन प्रती. खाली सही 'कापणार' म्हणून केली, मग बाजूला 'प्रमाणित करणार' म्हणून केली. दोन सह्या जुळतात का, हे कल्याणरावांनी नीट ताडून पाहिलं. कात्रणावर मारायचा शिक्का तेलावर काही उमटेना, घसरून जाई. शेवटी तो भोकाच्या कडेला मारला.

बैठक बाराला सुरू झाली आणि साडेबाराला अर्जुनराव बाहेर आले. त्यांनी फक्त हात वर केला. आप्पांनी तिथेच, जिन्याच्या पायरीवर, मटकन बसून घेतलं आणि समोरच्या भिंतीवरची 'थुंकू नये' ही पाटी मोठ्याने वाचली. 

निघताना मी कल्याणरावांना विचारलं, कात्रण परत कधी मिळेल? ते म्हणाले, कायम जतन करायच्या कागदात गेलं, आता मिळायचं नाही. हवी असेल तर पोच देतो.

शुक्रवारी तलाठ्यासमोर सील तुटलं. जाळी उघडली. पहिल्या घागरी हिरव्या निघाल्या, त्या झाडांना घातल्या, मग पाणी निवळलं. सगळं गाव विहिरीवर होतं. मी आणि विमल रांगेच्या अगदी शेवटी उभे राहिलो. मला वाटलं तेच योग्य आहे. विमलला तसं वाटत नव्हतं, पण तिने हंडा माझ्या डोक्यावर दिला.

वच्छलाबाईंनी काठावरून मागे वळून पाहिलं. "कावून मागं थांबले सर तुमी?" त्यांनी आवाज चढवला. "आरं सरका की! गावाच्या शत्रूला वाट द्या!"

रांग सरकली. कुणी हसलं, कुणी मला पुढे ढकललं, आप्पांनी पाठीत एक गुद्दा घातला तो अजून दुखतो. माझा हंडा चौथ्या नंबरला भरला. चोराच्या मानाने हा नंबर बराच वरचा आहे.

वाचनालयातली पाटी मी काढणार होतो. अर्जुनराव म्हणाले, असू द्या, आता लोक ती वाचतात तरी. रामकिसन मात्र मी वर्तमानपत्र उघडलं की जवळ येऊन उभे राहतात.  नुसते माझ्या खिशाकडे बघतात.

ती पोच माझ्या अकराव्या चिकटवहीत आहे. या वेळी चारी बाजूंनी डिंक लावला नाही. एकाच कडेला लावला, दारासारखा, म्हणजे उघडून मागे पाहता यावं. मागे काही नाही, कोरा कागद आहे. मी दोनदा खात्री केली आहे. पुढच्या बाजूला तहसील कचेरीचा गोल शिक्का आहे, बी. एन. झरेकर यांच्या समग्र प्रकाशित साहित्याची शासकीय नोंद आहे, आणि ती कल्याणरावांच्या वळणदार अक्षरात अशी आहे:

'मिळाला: तेलकट कागद, नग एक.'